वारा कुठून आहे

विजेच्या तारांना लागतो म्हणून
लाइनमनांनी कडुनिंबाचा शेंडा उतरवला,
त्यात चिंध्यांचं, कापसाचं, सुतळीचं घरटं.
आत तीन पिल्लं. दोन तिथेच गेली.
तिसरी माझ्या टोपीतून लासूरला आली,
डोळे मिटलेले,
पाठीवरचे पट्टे पेन्सिलीने आखून पाहिल्यासारखे.

शेळीचं दूध, ड्रॉपरने, थेंबाथेंबाने.
मग दात आले, आणि तिने सर्वात आधी
माझा अंगठा तपासला.

बाजाराच्या दिवशी सत्रासेनहून झेमाबाई पावरा उतरते,
मापट्याने चारोळ्या विकते.
"टोपीमा काय से रे भाऊ?"
दाखवली.
तिने मूठभर टणक चारोळ्या तशाच दिल्या, न फोडलेल्या.
"दात घासू दे तिले. बिब्बा नको. एरंडी नको.
आधी तू खाय, मंग तिले दे."

तेव्हापासून मी आधी खातो.
बेहड्याची बी दोन खाल्ल्या तर गोड,
दहा खाल्ल्या की जमीन फिरते,
हे मला सातवीतच कळलं होतं,
गुरुजींनी छडी मारली तीसुद्धा दोनदा दिसली.
तिला म्हणून अर्धीच.
शेंगा फोडून बघतो: पावसाळ्यात दाण्याच्या पोटात
हिरवट भुकटी धरते, ती दिसली की अख्खी शेंग चुलीत.
फरसाणातले दाणे मागते, नाचते, देत नाही.
मीठ माझ्यासाठी.

पण नुसत्या दाण्यांवर भागत नाही.
वाढत्या हाडांना किडा लागतो,
म्हणजे खायला लागतो.
आणि इथे माझी पंचाईत.

मी पंपवाला.
वीस लिटरची टाकी पाठीवर, टाकीमागे चाळीस रुपये.
हिलाल आप्पाच्या कपाशीत सोमवारी मारलं,
उखा कोळ्याच्या केळीत बुधवारी,
बांधावरच्या तुरीत उरलंसुरलं.
गावाचा नकाशा माझ्या डोक्यात वासांनी आखलेला आहे.
त्या नकाशात नाकतोडे भरपूर, पानावर बसलेले,
हात नेला तरी उडत नाहीत.

एक असाच चिमटीत धरून घरी आणला होता.
ती दोरीवरून उतरली, पुढचे पंजे जोडून बसली,
आणि मला त्याचे पाय दिसले,
कापणारे, एकेक, वेगवेगळ्या वेळी.
मी हात मागे ओढला.
ती चिडून बराच वेळ चिरचिरत राहिली.

हातात सहज येतो तो घ्यायचा नाही,
एवढंच शिकलो.
बाजरीच्या कणसावरचे हिंगे तर नाहीच,
दिसायला झकास, अंगाला लागले की फोड.

आता सुट्टीच्या दिवशी मी वनखात्याच्या नाक्यापलीकडे जातो,
जिथे माझा पंप कधी गेला नाही.
थांबतो. मूठभर धूळ सोडून बघतो
वारा कुठून आहे.
डोंगराकडून असला तर गवतात शिरतो.
तिथले नाकतोडे हरामखोर आहेत,
बोट पुढे केलं की दहा हात लांब.
बेचाळिसाव्या वर्षी मी त्यांच्यामागे धावतो,
गुराखी पोरं खडकावर बसून हसतात,
एक ओरडतो, "सुकलालभाऊ, उजवीकडे गेला!"
खोटं सांगतो.

दोन तासांत चार.
मागच्या तंगड्यांना करवतीसारखे काटे असतात, त्या काढतो.
एका वेळी एकच देतो. डोक्यापासून सुरू करते,
पंख खाली पडतात,
तेवढं सोडलं तर काही उरत नाही.

काल केळीत फवारून घरी आलो.
दोनदा साबण लावला, डोक्यावरून पाणी घेतलं,
तळहातावर चारोळी ठेवून दोरीखाली उभा राहिलो.
ती अर्ध्यापर्यंत आली.
नाक हललं.
तिथूनच वळली, पत्र्याच्या कडेला जाऊन बसली,
शेपूट पाठीवर घेऊन.

मी रागावलो नाही. खरं तर बरं वाटलं,
आणि कसं सांगू, थोडं वाईटही.
चारोळी चिमट्याने उचलून धुतली,
जात्याच्या दगडावर ठेवली,
आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला
जरा लांब जाऊन बसलो.