डेली, शनिवार बंद

सुपडू पेंटरनं पाटी रंगवली.
अक्षरं दोनच, पैसे त्यानं चार अक्षरांचे घेतले.
डेली.
हनोख तळकरांच्या भाच्यानं अश्दोदहून फोनवर सुचवलेलं नाव.
भुसावळनं वाचलं: रोज.
आणि खाली बारीक अक्षरांत: शनिवार बंद.
गाव अजून हसतंय.

बरण्या जिथं जागा मिळेल तिथं.
मिठाच्या पाण्यात बुडालेल्या काकड्या,
बामणोदच्या वांग्याच्या फोडी,
लसूण, मिरी, आणि एक पान,
ज्याचं नाव त्यांनी मला तीनदा सांगितलं
अन् मी तीनदा विसरलो.
वेणी घातलेला पाव,
त्यात थंड मटणाचे पातळ काप.
आमची जीभ काळ्या मसाल्यावर वाढलेली.
पहिल्याच घासाला म्हटलं, काका, आळणी आहे.
ते म्हणाले, फेगडे, गिळ तरी आधी.
आंबटपणा उशिरानं आला, पॅसेंजर गाडीसारखा,
पण आला तो दुपारभर हलला नाही.

दही मागितलं.
"मटणाबरोबर नाही."
वेगळ्या वाटीत द्या.
"पोट वेगळं आणलंयस का?"
मग ताक?
"ते दह्याचंच पोर."
लोको शेडचा रुबाब तडवी कोपऱ्यातून म्हणाला,
यांना डुक्कर नाही, मला डुक्कर नाही,
अन् फेगडेला चतुर्थीला काहीच नाही,
तरी तिघं इथंच बसतो.
तापीतला रोहू चालायचा, शिंगाळा नाही.
का, तर त्याला खवलं नाहीत.
मी शिंगाळ्याकडे त्यानंतर जरा दयेनं बघू लागलो.

त्यांचे पणजोबा कुलाब्यात घाणा हाकायचे.
शनिवारी बैल सोडून द्यायचे,
म्हणून लोक म्हणायचे शनवार तेली.
घाणा जागच्या जागी फिरला शंभर वर्षं,
मग आजोबा इंजिनावर चढले
आणि ते सरळ इथवर आलं.
एवढंच सांगायचे,
सुरी पुसायचे,
शुक्रवारी चारला शटर ओढायचे,
आत काचेच्या पेल्यात तेलावर वात पेटलेली
फटीतून दिसायची.

खुर्च्या दहा.
अकरावा आला तर उभ्यानं खायचा.
दोन वाढवा की, म्हटलं एकदा.
"दहाच बऱ्या."
का?
"उगाच."

वडिलांच्या दिवसाला ते दर वर्षी ठाण्याला जायचे.
तिथं दहा पुरुष जमतात,
दहा जमल्याशिवाय ती प्रार्थना तोंडातून काढायची नसते.
भुसावळात ते, आणि दवाखान्यातले म्हातारे एरन कंपाउंडर,
जे आता अंथरुणातच.
त्या वर्षी गुडघा सुजला. गाडी गेली, ते राहिले.

बुधवार होता. त्यांनी आम्हाला बोलावलं,
तडवी, सुपडू, पोस्टातले झांबरे, मी,
केळीच्या वखारीतले दोघं भाऊ,
आणखी असेच.
परातीत मलिदा: पोहे, खोबरं, साखर,
वेलची, रावेरच्या केळ्यांचे काप.
आम्ही बसलो. एकही खुर्ची उरली नाही.
ते उभे राहून बघत होते,
ओठ हलत होते, पण बोट नाही.
माणसं बोटानं मोजायची नसतात, असं नंतर म्हणाले.

मला वाटलं, आता म्हणतील.
घसा खाकरलाही.
तेवढ्यात कोळशाची मालगाडी निघाली,
बरण्या थरथरल्या,
काकड्या पाण्यात वर-खाली झाल्या,
आणि गाडी इतकी लांब होती
की संपेस्तोवर ते परत बसले होते,
काउंटरमागच्या डब्यावर.
"खा," म्हणाले. "केळं काळं पडेल."
आमची संख्या बरोबर होती.
आम्ही नव्हतो.
हे त्यांनी सांगितलं नाही,
उलट मला दुसऱ्यांदा वाढलं.

परवा रविवारी घरी मटण होतं.
बायकोनं ताटाशेजारी दह्याची वाटी ठेवली.
मी ती हातानं जरा लांब सरकवली,
मुलाच्या ताटापर्यंत.
तिनं विचारलं, काय झालं?
म्हटलं, उगाच.