वावडी

पहिल्या दिवशी तिनं उस्मानचं बोट घेतलं.
करंगळीच, पण घेतली.
दुसऱ्या दिवशी लाथेसरशी तोबरा पागेच्या कौलांवर.
जसदणहून आलेली काठेवाडी घोडी,
कानांची टोकं एकमेकांना टेकलेली,
जणू आमचीच निंदा चाललीय आपसांत.
दफ्तरात नाव होतं रूपमंजिरी.
सरकार म्हणाले, हैबती, थंडी सरायच्या आत
हिला महीच्या कोतरांत डुकरामागं घालायची.
मी म्हटलं, जी.
पागेत दुसरं काय म्हणतात?

अगाडी-पिछाडी. डोळ्यांना झापड. काटेरी लगाम.
पाठीवर ओल्या वाळूची पोती बांधून
विश्वामित्रीच्या काठानं फेऱ्या, सुसरींपासून लांब.
वडिलांनी शिकवलेलं सगळं करून झालं,
मग वडिलांनी नको म्हटलेलंही.
चाबूक. एकदाच.
सांगितलं नसतं, पण रोम बदलले की
उजव्या खांद्यावर तो वळ अजून दिसतो.

लगाम खेचला की ती उभी व्हायची,
दोन पायांवर, अख्खी,
आणि मी आयाळीला धरून आभाळाला लटकलेला.
तीनदा पडलो. चौथ्यांदा बरगडी.

त्या पौषात दांडिया बाजारच्या गच्चीवर
ऊन खात पडून होतो, हळदीचा लेप लावून.
शेजारच्या पत्र्यावर शिंप्याचा पोर पतंग उडवत होता.
(सगळे पतंग म्हणत; माझी आई वावडी म्हणायची.)
वावडी गरगरायला लागली.
तो ओढतोय, ती आणखी गरगरतेय,
तो दात खाऊन ओढतोय.
मागं फिरकी धरलेली बहीण ओरडली,
ढील आप, ढील!
मी उठून बसलो. बरगडी केवढ्यानं बोंबलली.

सोमवारी पागेत गेलो.
काटेरी लगाम खुंटीला, तोंडात नुसती सुती दोरी.
वर बसलो. ती उठायला लागली,
आणि मी, छप्पन्न वर्षांचा चाबूकस्वार,
हात लटपटत असताना
ढील दिली.

ती खाली आली.
एक पाय, मग दुसरा, जमीन नव्यानं चाचपत,
आणि मकरपुऱ्याच्या रस्त्याला दुडक्या चालीनं लागली.
उस्माननं नऊ बोटांनी टाळ्या वाजवल्या.
त्या दिवसापासून वावडी.

शिकार वेगळी.
डुकराचं वाळलं कातडं समोर टाकलं, चार दिवस दाणा शिवली नाही.
पाचव्या दिवशी चंदी त्या कातड्यावरच ठेवली.
भाल्याला भ्यायची नाही,
भाल्याच्या सावलीला भ्यायची.
सावलीला कुणी काय समजवावं?
म्हणून आधी ऐन बाराला फिरवली, भाला उभा धरून,
मग साडेअकराला, मग अकराला,
सावली रोज बोटभर लांबवत.

माघ उतरताना महीवर गेलो.
हाकाऱ्यांनी बोरूच्या रानातून एकुलगा उठवला,
सुळे पिवळे, पाठीवर चिखल वाळलेला.
वावडी अशी सुटली की कानांत नुसतं वारं.
भाल्याचं टोक त्याच्या खांद्यापासून हातभर असेल,
आणि तिनं चारी खूर रोवले.

मी टाच मारली.
ढील शिकलेला मी, टाच मारली. दोनदा.
ती थिजलेली, घाम फेसाळतोय, हलेना.
मग पुढचं गवत वाऱ्यानं वाकलं,
आणि त्याच्यापलीकडं काहीच नव्हतं.
चाळीस हात खाली कोतर.
डुक्कर आपल्या ठाऊक वाटेनं
कडेकडेनं उतरून गेलं होतं.

मागून सरकार आले, दम लागलेला.
खाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडं.
वा हैबती! कड्याशी थांबायला
कुणी शिकवलं हिला?

मीच, सरकार.

मनगटातलं चांदीचं कडं काढून
त्यांनी माझ्या हातात घातलं.
मी मुजरा केला.
मांडीखाली वावडीनं एक लांब श्वास सोडला,
आणि तिचे कान, बघतो तर,
हळूच एकमेकांना टेकले.