पासंग

डुलूथला नोव्हेंबरात साडेचारलाच दिवस मिटतो.
केतकीच्या गॅरेजमध्ये गाडी नाही.
एक केशरी पल्क आहे, बाळाच्या टबाला लांबवावं तशी,
आणि भिंतीला टेकलेल्या स्कीच्या तीन जोड्या,
त्यातल्या दोन इथेच राहतील.

"बाबा, तुम्ही फक्त वजन सांगा. मी लिहिते."

एकतीस वर्षं मी बार्शीच्या बाजारात काटे तपासले.
पारड्याखाली थापलेलं मेण खरवडलं,
पोटात पोकळ असलेला किलो जप्त केला,
करंगळीनं दांडी दाबणारे हात
लांबून ओळखले.
वाटलं होतं, वजनातलं काही कळायचं राहिलेलं नाही.

मग तिनं करवतीनं टूथब्रशची दांडी कापली.

सहा ग्रॅम.
जाकिटाच्या मानेवरचं लेबल, एक.
पट्ट्यांची लोंबती टोकं, सगळी मिळून एकोणीस.
चमचा टायटॅनियमचा चौदा, लाकडी नऊ,
लाकडी जाईल,
तिथल्या थंडीत धातू ओठाला चिकटतो.

पण प्रत्येक झिपेला तिनं वीतभर लाल दोरी बांधली.
वजन वाढलं, मी म्हटलं.
"हातमोजे काढले की बोटं गेली, बाबा."
आणि स्टोव्ह दोन. त्याबद्दल बोलायचंच नाही.
एक बंद पडला की बर्फाचं पाणी होणार नाही,
पाण्यावर उभं राहून तहानेनं मरायचं.

पन्नास दिवस.
वाटेत कुणी काही द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही.
एखादा तंबू भेटला, चहा विचारला,
तरी नको म्हणायचं.
घोटभर चहानं मोहीम बाटते.
सोवळं की गं हे, मी म्हटलं. ती हसली नाही,
दातांत पेन्सिल धरून दोर मोजत होती.

शेजारच्या आर्लीन सारीबाईंनी लोकरीचे मोजे विणून आणले.
एकशे चौसष्ट.
केतकीनं ते गालाला लावले, पिशवीत परत ठेवले,
"आल्यावर घालीन."
मी आणलेली शेंगदाण्याची चटणी मात्र घेतली.
शंभर ग्रॅमला पाचशे ऐंशी कॅलरी.
बापाची म्हणून नाही, आकडा बसला म्हणून.

रात्री झोप येईना. उतरलो खाली.
इथलं निकेलचं नाणं बरोब्बर पाच ग्रॅमचं असतं,
निघण्याआधीच वाचून ठेवलं होतं; सवय जात नाही.
वीस नाणी काट्यावर ठेवली.
एकशे तीन.

पुन्हा ठेवली. एकशे तीन.

म्हणजे वहीतले चौऱ्याण्णव किलो खरे एक्क्याण्णवच्या आसपास.
पावणेतीन किलो
कुणाच्याच हिशेबात नाहीत,
लबाड वाण्याच्या पासंगासारखे, फक्त उलटे.
तिथेच फरशीवर बसलो. तळ्याकडून
खनिजाच्या बोटीचा भोंगा आला, पूल वर गेला असणार.
मोजे बसतील. इंधनाची दोन बाटल्या भर बसेल.
बदामाची पुडी, पल्कच्या अगदी तळाशी, तिला न सांगता.
जन्मात पहिल्यांदा
मापात पाप करावंसं वाटलं.

सकाळी सांगून टाकलं.
तिनं वही उघडली, बेरीज केली, पुन्हा केली,
आणि लहानपणी करायची तशी टाळी वाजवली.
"म्हणजे तेवढं ओढायला कमी!"
भरली काहीच नाही.
कमरेला पट्टा आवळून, मागे दोन टायर बांधून
पार्क पॉइंटच्या वाळूवर सरावाला गेली.

मी गॅरेज झाडलं.
लेबलं, ब्रशची दांडी, पट्ट्यांची टोकं,
पुठ्ठ्याचे कोपरे, एक जास्तीचं बटण,
सगळं लोणच्याच्या बरणीतून काढून काट्यावर घातलं.
दोनशे सहा.
खरे दोनशे.

परत बरणीत भरलं, झाकण घट्ट केलं,
वर कागद चिकटवून वजन लिहिलं, तारीख घातली,
आणि खाली सही केली,
पूर्वी तपासलेल्या मापासाठी करायचो,
तशी पूर्ण, हुद्द्यासकट.