मोंढ्यातला काटा

माझ्या दवाखान्यातला वजनकाटा
एकशेवीसला थांबायचा.
त्याच्या पुढचं कुणी उभं राहिलं
की सुई नुसती थरथरायची,
आणि वीस वर्षं मी त्या थरथरीचा अर्थ
'पेशंट ऐकत नाही' असा लावत आलो.

उदगीर. मेडिकलच्या वर, पहिला मजला.
प्रयागबाई सोनटक्के, वय अठ्ठेचाळीस,
जिना चढून आल्या की बराच वेळ बोलत नसत.
हातांच्या खुर्चीत मावत नव्हत्या,
म्हणून सलाईनच्या खोक्यावर टेकत.
मी ते पाहायचो, आणि लिहायचो तेच चार शब्द:
वजन कमी करा. चाला.
खाली सही. सहीखाली पदवी, सहीपेक्षा मोठी.

"साहेब, दोन वर्षं झाले भात सोडून,
एकच येळ भाकर खाते,
तरी अंग वाढायलंय."

हवा खाऊन कुणी वाढतं का, बाई?
कंपाउंडर हसला. मग मीही.
म्हणालो, आमचा काटा पुरत नाही तुम्हाला,
मोंढ्यात आडतीवर जाऊन या.

तो विनोद होता.
बाई गेल्या.

हे मला कळलं शादुल हमालाकडून,
तो कंबर दाखवायला आला तेव्हा.
तुरीचा हंगाम, आडतीवर ही गर्दी,
आणि बाई माझा कागद धरून उभ्या.
"मग मी काट्याच्या चारी बाजूंनी
पोत्यांची थप्पी लावली, साहेब.
सगळ्यांना म्हणलं, तिकडं तोंड करा.
बाईनं उजवा कान पुढं केला,
त्यात सांगितलं. एकशेएकतीस.
पोत्याचं वजन आम्ही वरडून सांगतो.
माणसाचं कसं वरडावं?"

मी त्याला मलम लिहून दिलं.
पैसे घेतले नाहीत.
त्यानं काय होतं?

पुढच्या महिन्यात लातूरला डॉक्टरांचं प्रशिक्षण.
डॉ. अर्जुमंद काझी, माझ्या मुलीच्या वयाची.
विचारलं, साडेपाच वर्षांत
चरबीवर किती तास शिकलात?
मागून कुणीतरी, "एक. तोही शनिवारी, जेवणानंतर."
हशा.
ती हसली नाही.
म्हणाली, वजन उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला,
ते पेवाचं तोंड लिंपून घेतं,
भूक वाढवतं, खर्च थांबवतं, वर्षानुवर्षं.
मधुमेह्याला आपण म्हणतो का,
साखर कमी करा, मग या?
आणि म्हणाली, जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला
तर रक्तदाब खोटाच चढा दिसतो.

माझ्याकडं एकच पट्टा होता.
तीन वर्षं मी त्या पट्ट्याला गोळ्या देत होतो.

जेवणात पुरी-श्रीखंड. दुसऱ्यांदा घेताना
हात थांबला. मग घेतलंच.

परत आलो. रुंद पट्टा आणला,
बिनहातांची खुर्ची, दोनशेपर्यंतचा काटा.
मेडिकलवाल्याकडून खालची खोली मागून घेतली.
प्रयागबाई आल्या नाहीत.
दिवाळी गेली. वेळ अमावास्याही गेली.

मग आल्या, नातीचा ताप घेऊन.
नातीला तपासलं. मग म्हणालो,
तुमच्याबद्दल थोडं विचारू का?
त्यांनी आधी दाराकडं पाहिलं.
झोप कशी लागते, घोरता का,
गुडघ्यासाठी ती पुडीतली गोळी कोण देतं,
भूक नेमकी कधी लागते,
अर्धा घंटा गेला, बाहेर पेशंट कुरकुरू लागले.
नवा कागद घेतला. आजाराच्या रकान्यात,
जिथं मी बीपी लिहितो, शुगर लिहितो,
तिथं लिहिलं: लठ्ठपणा, दीर्घकालीन.
उपचाराच्या रकान्यात या खेपेला
चार शब्दांत मावेना.

मग काटा. दार लावलं,
कंपाउंडरला बाहेर काढलं.
आकडा स्थिर झाला.
मी वाकून, शादुलसारखा,
त्यांच्या कानाशी हळूच सांगितला.

"मोठ्यानं बोला, साहेब," प्रयागबाई म्हणाल्या,
"त्या कानानं मला लहानपणापासून
ऐकू येत नाही."