दात दुखणारा माणूस

केमीत जानेवारीची सकाळ दहानंतर उगवते,
तीही कोणी ढकलून पाठवल्यासारखी.
वर्गातले दिवे मी अर्धेच लावते.
ट्यूबलाइटची गुणगुण वेइक्काला ऐकू येते,
मला पंधरा वर्षांत एकदाही आली नव्हती.

टॅबलेटवर चेहरे येतात, एकामागून एक.
आनंद. राग. भीती. आश्चर्य.
बरोबर उत्तराला टाळ्यांचा कडकडाट होता,
तो मी पहिल्याच दिवशी बंद केला,
वेइक्काला टेबलाखालून बाहेर काढल्यावर.

कुठल्याशा उन्हाच्या देशातली माणसं ही,
बत्तिशी दाखवून हसणारी.
हा कसा आहे, वेइक्का?
"याचे दात दुखतात."
चूक, म्हणाला टॅबलेट, लालभडक होऊन.
"मग दाखवतो कशाला?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.
बसथांब्यावर चौघं उभी होती
मध्ये एकेका माणसाची जागा सोडून;
आमच्याकडे याला रीत म्हणतात.
बत्तिशी कोणाचीच दिसत नव्हती.
पाच वर्षं शिकवतेय हा धडा,
कुठल्या गावचा, ते विचारलं नव्हतं.

कॅमेरा चालू करून टॅबलेट त्याच्या हातात दिला.
फार विचार करून दिला असं नाही,
घंटेला वीस मिनिटं होती आणि मी दमले होते.

आठवड्याने पाहिलं तर
चेहरा एकाही फोटोत नाही.
फावड्यावरचे हातमोजे.
स्वयंपाकघरातली पळी.
तिकिटाच्या यंत्रावर टेकलेला अंगठा.
आणि खाली, एकेक अक्षर दाबून:

ताइस्तो शिपाई. फावडं असलं की खूश.
नुसत्या किल्ल्या असल्या तर मध्ये जाऊ नये.

राइली. पळी दोनदा आपटली म्हणजे
सूप संपत आलंय आणि ती घाबरलीय.
एकच वाटी मागावी.

मंगळवारचा ड्रायव्हर. अंगठा थांबतो.
तेव्हा 'हेइ' म्हणावं.

म्हणालाही, पुढच्या मंगळवारी.
त्याच्या आईने फोनवर सांगितलं:
हा म्हणाला, मग ड्रायव्हर म्हणाला, मग बस सुटली.
बस्स, इतकंच, असं म्हणत
तिने ते तीनदा सांगितलं.

अहवालात एक रकाना असतो:
नजरेला नजर, किती सेकंद.
मी आडवी रेघ मारली
आणि पेनाला टोपण लावलं.

फेब्रुवारीच्या शेवटी टॅबलेट चार्जिंगला लावताना
एक फोटो दिसला, आधी न पाहिलेला.
माझे हात. कपाभोवती दोन्ही तळवे,
कॉफीवर धरलेली साय,
स्वेटरच्या बाहीवर पिवळे केस.
कुत्रा गुरुवारी गेला होता.
शाळेत मी कोणाला बोलले नव्हते,
बाही मात्र झटकवली नव्हती.

खाली लिहिलं होतं
(इथे मुलं बाईंना ओपे म्हणतात):

ओपे. कप भरलेला आहे आणि गार आहे.
विचारू नये.
जवळ बसावं,
मध्ये एक खुर्ची सोडून.

आठवला मग तो शुक्रवार.
अख्खा तास तो तिथे बसला होता,
खिशातली बटणं रांगेत लावत, न बोलता,
आणि मी वहीत लिहिलं होतं:
आज धडा टाळला.