चाळण

द्राक्षबागेतली माती चालत नाही.
हे पहिल्याच दिवशी सांगितलं गायधनी डॉक्टरीणबाईंनी,
मखमलाबादच्या शिवारात उभ्या राहून,
जिथे तिन्ही अंगांना बागाच बागा
आणि वाऱ्यावर फवारणीचा तो गोडसर, घशात बसणारा वास.

मग पार पलीकडे, एका पडीक वावरात
दोन हात खणल्यावर सापडली काळी.
चिमटीत धरली तर लोणी.
ती मी वाळवते, बडवते, चाळते,
रात्री भिजत घालते डाळीसारखी,
सकाळी मांजरपाटात पट्ट्या थापते
लोकांच्या पोटावर, डोळ्यांवर ठेवायला.

नवरा हसायचा. म्हणायचा,
चिखल कालवायचा पगार देतात, हौसा?
मलाही वाटायचंच.
सुई नाही, बाटली नाही, हा कसला दवाखाना?
गरम पाणी, गार पाणी, वाफ, लंघन,
आणि सकाळच्या उन्हात ओळीनं बसलेली
चांगली शिकलेली माणसं, पापडासारखी.
"साडेपाच वर्षं शिकलेय," बाई म्हणाल्या एकदा,
"मढीसुद्धा चिरली आहेत, हौसाबाई.
नुसत्या काकड्या नाही."

येणारा आधी फाइल ठेवतो टेबलावर.
बाई ती वाचतात. सगळी. शेवटच्या पानापर्यंत.
मग चष्मा काढून विचारतात ते फायलीत नसतं:
रात्री किती वाजता जेवता?
जेवताना कोणाशी भांडता?
अंगावर ऊन शेवटचं कधी घेतलंत?

नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका
तासभर बोलत राहिले.
जन्मभर मोजलं, म्हणाले, सगळं दुसऱ्याचं.
बाई म्हणाल्या, आता घास मोजा. तुमचेच आहेत.

सातपूरचा एक पोरगा, तिसऱ्या पाळीतला,
घाबरून विचारत होता, मिसळ सोडू?
"पहाटे चारला खाणं सोड.
मिसळीला मी कशाला नावं ठेवू, मीही इथलीच."

आणि कोणी हळूच विचारलं, साखरेची गोळी बंद करू का,
तर आवाज एकदम बदलायचा:
"ज्यांनी दिली त्यांना विचारून. मोजत राहा.
आकडा उतरला तर तेच कमी करतील."
मला तेव्हा वाटायचं, घाबरतात बाई मोठ्या डॉक्टरांना.

मार्चमधली गोष्ट.
घमेलं उचललं आणि डाव्या खांद्याखाली
कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं.
जबडा दुखला. घाम फुटला गार.
मी कोणाला बोलले नाही.
टाकीमागे बसले,
आणि आमचीच गार माती, चाळलेली, उत्तम,
थापली माझ्या छातीवर.

बाईंनी पाहिलं.
पदरानंच पुसून काढली सगळी.
"इथे ही नाही," एवढंच म्हणाल्या.
त्यांच्या खणात गोळ्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं.
एक चावायला लावली, कडू, आंबट.
गाडी स्वतः हाणली,
रामवाडीच्या पुलावरून, अशोक स्तंभावरून,
हॉर्नवरचा हात न काढता, थेट सिव्हिलला.
वाटेत एकदाही म्हणाल्या नाहीत
की श्वास मोठा घ्या.

आता काळजाच्या नळीत जाळी आहे.
डॉक्टरांनी चित्र काढून दाखवली, बारीक, तारेची.
मी विचारलं, किती नंबरची?
ते हसले. मला खरंच हवा होता नंबर.

दोन महिन्यांनी कामावर आले.
घमेलं आता दुसरी उचलते.
बाई रोज सकाळी आधी विचारतात,
"सिव्हिलची गोळी घेतली?"
आणि मी हो म्हटल्यावरच
चाळण हातात देतात.

माती खाली पडते धुरासारखी.
वर राहतात मुळं, काचेचा तुकडा,
कधी एखादा शंख, कोण जाणे कुठल्या पाण्यातला.
तो मी फेकत नाही.
खिडकीत ठेवते, त्यांच्या पदवीखाली.
बाईंनी अजून विचारलेलं नाही, का.