माया

हरमलच्या उतारावरची भाड्याची खोली सोडताना
लारिसाने पडवीत सगळं मांडून ठेवलं:
मिक्सर, दोन हेल्मेटं, मांजराचं ताट,
आणि भिंतीला टेकून दोन लांब फळ्या,
ज्यांचा भाव अजून कुणी विचारला नव्हता.

मी गेले होते पडद्यांचे उरलेले तीनशे मागायला.
ती म्हणाली, पैशांऐवजी एक घेऊन जा.
कुठली, ते तू ठरव.

वीस वर्षं मी मापं घेतेय.
माणूस दारातून आत आला की मला त्याचा खांदा कळतो.
पण बर्फ मी पाहिलंय ते फक्त
मासळीच्या पेट्यांत, भुशासकट.

पहिली फळी काळी, ताठ.
गुडघा देऊन दाबली,
खळ घातलेल्या कॉलरसारखी जागची हलेना.
ही वेगाची, लारिसा म्हणाली,
हिच्यावर उभं राहणाऱ्याला कुठे जायचं ते आधीच माहीत लागतं.
माझ्या नवऱ्याची होती.
होती, एवढंच. पुढे मी विचारलं नाही.

दुसरी निळी, कडांना खरचटलेली.
टोकं वर उचललेली, रापणीच्या होडीसारखी,
मध्ये पायांखाली सपाट.
दाबली की वाकते, सोडली की परत येते,
आणि परत येताना हाताला मारत नाही.
मऊ वाटेला, टणक वाटेला, झाडांमधल्या आडवाटेला,
सगळ्या डोंगराला चालते म्हणे.

खाली बारीक अक्षरांत होतं: बायकांसाठी.
मी हसले. पुरुषाची पँट आखूड केली म्हणून
ती बाईची होत नाही, हे मी रोज सांगते.
मग टेप काढली.
कंबर खरंच अरुंद होती.
पाऊल आडवं ठेवलं,
बोटं काठाशी थांबली, बाहेर डोकावली नाहीत.
उभी केली, तर हनुवटीला लागली.

संध्याकाळी बशारतला दाखवली.
समोरच्या दुकानात तो ऐन उकाड्यात शाली विकतो;
लहानपणी तंगमर्गच्या वर
पर्यटकांना स्लेजवर बसवून ओढायचा.
त्याने फळी पालथी केली, तळावरून अंगठा फिरवला,
कडेवर नख घासलं. पांढरा कीस निघाला.
म्हणाला, दर्शाबाय, उंची नको, वजन सांग.

मी रेशनच्या दुकानात तांदळाच्या काट्यावर उभी राहिले.
एकसष्ट. मागची रांग हसली.

बराबर, तो म्हणाला. नव्या माणसाला ही चुका माफ करते.
कड उगाच रुतत नाही.
तोंडावर आपटशीलच, पण कमी.

माफ करते, हे मला पटलं नाही.
माफी वरून देतात.
आमच्या धंद्यात दुसरा शब्द आहे.
शिवणीच्या आत जे कापड दाबून ठेवतात,
बाहेरून दिसत नाही,
अंग भरलं की उसवून वाढवता येतं,
त्याला आम्ही माया म्हणतो.
माया कमी ठेवली की कपडा अंगावर छान बसतो
आणि पहिल्याच वर्षी काखेत फाटतो.
सत्तेचाळिसाव्या वर्षी
काखेत फाटायला मी डोंगरावर जाणार नाही.

निळी घेतली.

तेरेझ दुकानात डोकावली: नवी इस्त्रीची फळी गो?
होय म्हटलं. सोपं पडतं.
मार्चात गिऱ्हाईक उतरतं, तिथे वर बर्फ अजून असतं,
बशारतची बहीण खोली देते म्हणते.
डब्यातले पैसे दोनदा मोजले. तिसऱ्यांदा नाही.

रात्री ताडपत्रीची लांब पिशवी शिवायला घेतली.
सुई दोनदा मोडली.
खांद्याच्या पट्ट्याला चार बोटं माया ठेवली;
तिथे अंगावर किती कपडे चढतील,
कुणास ठाऊक.